आपल्याकडे अक्रोड येतो का? आणि अक्रोडाबद्दलचे बाकीचे प्रश्न

मागच्या अंकात सुकामेव्याच्या झाडांवर थोडं लिहिलं होतं आणि शेवटी म्हटलं होतं की अक्रोडाबद्दल काही विचारायचं असेल तर जरूर विचारा, तर सातारा-सांगली भागातून इतके प्रश्न आले की या वेळचं सगळं सदर त्यालाच दिलंय. पहिला प्रश्न शेतकऱ्याचा घेतलाय कारण त्यात पैसे अडकणार आहेत. आणि त्याच्या पुढचा पाचगणीचा प्रश्न कृपा करून कुणी वगळू नका, ज्यांच्या अंगणात जुनं झाड आहे त्यांनी तर अजिबातच नाही.

प्रश्न: ताई, कोरेगाव तालुक्यात माझी दोन एकर माळाची जमीन आहे, विहिरीला पाणी बरं आहे. आल्याच्या दराचा काही भरवसा राहिला नाही म्हणून फळबागेचा विचार चाललाय. मोबाईलवर एका नर्सरीचा व्हिडिओ बघितला, ते म्हणतात आमचा अक्रोड महाराष्ट्रात कुठंही येतो, तिसऱ्या वर्षी फळ धरतो, एकदा लावला की पन्नास वर्षं बघायला नको. आता आपल्याकडं सफरचंदसुद्धा यायला लागलंय, मग अक्रोड का नाही येणार? रोपं बुक करू का?
– एक शेतकरी, कोरेगाव

उत्तर: दादा, नका करू. आधी हे सांगते आणि मग कारणं सांगते, म्हणजे ॲडव्हान्स भरायचा राहिला असेल तर थांबाल तरी.

अक्रोडाचं झाड हिवाळ्यात पानं गाळून सुप्तावस्थेत जातं आणि त्यातून नीट बाहेर यायला त्याला ठराविक थंडी मिळावीच लागते. ही थंडी तासांत मोजतात, साधारण शून्य ते सात अंश सेल्सियस तापमानात झाडाचे किती तास गेले ते बघायचं. कॅलिफोर्नियातली चांडलर नावाची जी प्रसिद्ध जात आहे, जिचे मोठे फिकट अक्रोड आपल्या बाजारातही येतात, तिला ढोबळमानाने ७०० ते १,००० तास लागतात. कमी थंडीवर भागणाऱ्या जाती आहेत पण त्यांनाही काहीशे तास लागतातच. आता कोरेगावात बघा, डिसेंबर-जानेवारीत पहाटे पारा १०-१२ वर येतो, एखादी कडक लाट आली तर आणखी दोन-तीन अंश खाली, आणि सकाळी दहा वाजता स्वेटर काढून ठेवावा लागतो. सात अंशाखालचे तास मोजायला बसलात तर सगळ्या हिवाळ्यात हाताला फार काही लागणार नाही.

मग महाबळेश्वरला तरी येईल का, असंही दोघातिघांनी विचारलंय, कारण दरवर्षी वेण्णा लेकच्या कडेला दव गोठल्याचे, गाड्यांच्या टपावर हिमकण साठल्याचे फोटो येतात. ते खरं असतं, पण ते जमिनीलगत, तळ्याच्या खोलगट भागात, पहाटेच्या थोड्या वेळापुरतं असतं. दुपारी तिथंच माणसं उन्हात स्ट्रॉबेरी क्रीम खात बसलेली असतात. श्रीनगरला जानेवारीत रात्री पारा शून्याच्या खाली असतो आणि दिवसासुद्धा फार वर येत नाही, हे आठवड्यामागून आठवडे चालतं. शिवाय महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस पडतो, आणि ओलसर हवेत अक्रोडाला बॅक्टेरियाचा करपा येतो, कोवळी फळं काळी पडून गळतात.

थंडी पुरली नाही तर झाड मरतंच असं नाही, आणि फसवणूक इथंच होते. रोप दोन-तीन वर्षं हिरवंगार वाढतं, फोटो काढायला छान दिसतं. पण डोळे एकसारखे फुटत नाहीत, काही फांद्या फुटतात काही तशाच काठीसारख्या राहतात, मोहोर कमी येतो आणि मागंपुढं येतो. यात अक्रोडाचा आणखी एक स्वभाव आडवा येतो. नर आणि मादी फुलं एकाच झाडावर पण वेगवेगळी असतात, नराचे लोंबते तुरे आणि मादीची छोटी फुलं, आणि दोन्ही बहुतेक वेळा एकाच वेळी तयार होत नाहीत. परागकण वाऱ्याने जातात. त्यामुळे बागेत वेळ जुळणाऱ्या दोन जाती लावाव्या लागतात. थंडी कमी पडल्यावर हे वेळेचं गणित पारच बिघडतं. त्यात आपला एप्रिल-मे चाळीस अंशांचा, तेवढ्या उन्हात फळ धरलं तरी साल भाजते आणि आतला गर आकसतो.

सफरचंदाचं म्हणाल तर तिथं गोष्ट वेगळी आहे. हिमाचलमधल्या बिलासपूरच्या हरिमन शर्मा यांनी एचआरएमएन-९९ ही कमी थंडीची जात काढली, ॲना आणि डॉर्सेट गोल्डन अशाही जाती आहेत, म्हणून उष्ण भागात सफरचंद थोडंफार लागलं. अक्रोडात इतक्या कमी थंडीवर व्यापारी पीक देणारी, आपल्याकडं पारखून झालेली जात नाहीये. एका फळाचा अनुभव दुसऱ्याला लावता येत नाही.

आणि तिसऱ्या वर्षी फळ, हे तर काश्मीरमध्येही पोटभर मिळत नाही. बियाचं झाड फळावर यायला दहा-पंधरा वर्षं घेतं, कलमी झाडाला चौथ्या-पाचव्या वर्षी थोडी फळं लागतात आणि खरं उत्पन्न त्याच्याही पुढं. अक्रोडाचं कलम बांधणं आंब्यासारखं सोपं नाही, जोड भरून यायला साधारण २६-२७ अंश तापमान टिकवून ठेवावं लागतं, म्हणून चांगली कलमं तिथंही कमी आणि महाग. श्रीनगरला केंद्र सरकारची समशीतोष्ण फळांची संशोधन संस्था आहे, तिनं निवडलेल्या जाती आहेत, पण त्या डोंगरी थंड भागासाठी आहेत. भारतातला नव्वद टक्क्यांहून जास्त अक्रोड एकट्या जम्मू-काश्मीरमधून येतो. हिमाचल आणि उत्तराखंडलाही थंडी आहे, तरी ते त्याच्या जवळपास नाहीत, एवढ्यावरून अंदाज घ्या.

तरी कुणी विकायला आलाच तर त्याला तीन गोष्टी विचारा. जात कुठली आणि खुंट, म्हणजे ज्या रोपावर कलम बांधलंय ते, कशाचं. महाराष्ट्रात दहा वर्षांचं, फळं लागलेलं झाड कुठं आहे, मला हंगामात घेऊन चला. आणि पक्क्या बिलावर जातीचं नाव लिहून द्याल का. फोटो आणि व्हिडिओ पुरावा म्हणून धरू नका. तुमच्या माळाला सीताफळ, अंजीर, पेरू यांचा विचार करा, माती-पाणी तपासून बोरगावच्या कृषी विज्ञान केंद्रात एकदा बोलून या. आणि तुमच्या कोरेगावचा वाघ्या घेवडा, त्याला जीआय मानांकन आहे, तो आपल्या मातीतला आहे. आवड म्हणून बांधावर एखादं अक्रोडाचं झाड लावायचं तर जरूर लावा, पण कर्ज काढून दोन एकर नको.

प्रश्न: पाचगणीला आमच्या आजोबांनी घेतलेल्या जुन्या बंगल्यात मोठं अक्रोडाचं झाड आहे, माळीकाका पण अक्रोडच म्हणतात. दरवर्षी फळं पडतात पण कवच इतकं कडक की कुणी नादी लागत नव्हतं. या सुट्टीत मुलांनी दगडानं फोडून आतला पांढरा गर खाल्ला, चवीला चांगला लागला म्हणाली, आणि तासाभरात दोघांनाही उलट्या आणि जुलाब सुरू झाले. डॉक्टरांनी सलाईन लावलं, आता बरी आहेत. अक्रोड ताजा खाल्ला की असं होतं का? भाजून दिला तर चालेल का?
– एक वाचक, पाचगणी

उत्तर: ताई, मुलं बरी आहेत हे वाचून जीव भांड्यात पडला. तुमचं झाड अक्रोडाचं नाहीये. तुम्ही पाठवलेल्या फोटोत पानं स्पष्ट दिसतायत, तो रानअक्रोड आहे, जंगली अक्रोडही म्हणतात. शास्त्रीय नाव अल्युरायटिस मोलुकॅनस. अक्रोडाशी याचं काही नातं नाही, हा एरंड आणि मोगली एरंडाच्या कुळातला. मूळचा इंडोनेशिया आणि पॅसिफिक बेटांकडचा. शोभेसाठी आणि सावलीसाठी बागांमधून, जुन्या बंगल्यांमधून लावला गेला, आणि फळ गोल, आत कडक कवच, म्हणून लोकांनी अक्रोड म्हणायला सुरुवात केली.

याचा कच्चा गर विषारी आहे. थोडा खाल्ला तरी पोटात मुरडा, उलट्या, जुलाब होतात, आणि लहान मुलांच्या अंगातलं पाणी पटकन कमी होतं. चव वाईट नसते हा जास्त धोका आहे, कारण कडू लागलं असतं तर मुलांनी थुंकलं असतं. इंडोनेशियात याला केमिरी म्हणतात आणि वाटणात घालतात हे खरं आहे, पण ते नीट भाजून, शिजवून आणि अगदी थोडं, आणि पिढ्यान् पिढ्या ते लोक वापरतायत. आपण घरी भाजून प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. काही देशांत हेच बी वजन कमी करायचं औषध म्हणून विकलं गेलं, लोकांना त्रास झाला आणि ब्राझीलसारख्या ठिकाणी त्यावर बंदी आणावी लागली. ऑनलाइन असलं काही दिसलं तर घेऊ नका.

आता ओळखायचं कसं ते सविस्तर सांगते, कारण हे झाड पाचगणी, महाबळेश्वर, वाई, साताऱ्यातल्या जुन्या बागांमधून सापडू शकतं आणि अजून किती मुलं त्याखाली खेळतायत कोण जाणे. लांबून बघा, रानअक्रोडाच्या कोवळ्या पानांवर पीठ शिंपडल्यासारखी पांढुरकी लव असते त्यामुळे सगळा शेंडा चंदेरी दिसतो. कोवळ्या फांदीवरची पानं तीन-पाच कोनांची असतात, जुनी पानं साधी, टोकदार. एका देठाला एकच पान. खऱ्या अक्रोडाचं पान संयुक्त असतं, एका लांब देठावर पाच ते नऊ पर्णिका, आणि चुरगाळलं की उग्र सुवास येतो. अक्रोडाची कोवळी काडी उभी चिरली तर आतल्या भेंडाला आडवे आडवे कप्पे दिसतात, ही त्याची हमखास खूण. अक्रोड हिवाळ्यात पूर्ण निष्पर्ण होतो, रानअक्रोड होत नाही. फळात बघायचं तर खऱ्या अक्रोडाचं हिरवं साल पिकल्यावर तडकतं आणि आतल्या कवचाला मधोमध शिवण असते, सुरी घातली की दोन वाट्या होतात, गर सुरकुतलेला, मधे पडदा. रानअक्रोडाचं साल तडकत नाही, कवच जाड, खडबडीत, शिवण नाही, आणि गर सलग, पांढरा, तेलकट.

झाड तोडायची गरज नाही, चांगलं सावलीचं झाड आहे. फळं पडायच्या दिवसांत रोज झाडून गोळा करा आणि मुलांना, पाहुण्यांना, कामावरच्या माणसांच्या मुलांना सांगा, खोडावर पाटी लावा. पुन्हा कुणी खाल्लंच तर घरी उलटी काढायचा प्रयत्न करू नका, फळ आणि पान पिशवीत घेऊन सरळ दवाखान्यात जा, म्हणजे डॉक्टरांना काय खाल्लंय ते कळेल.

या झाडाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. याच्या गरात निम्म्याहून जास्त तेल असतं, हवाई बेटांवरचे लोक गर नारळाच्या हिरावर ओवून पेटवायचे आणि दिव्यासारखे वापरायचे, तिथं हे राज्याचं झाड म्हणून मानलं जातं. तेल लाकडाला लावायलाही उपयोगी. तुमच्या आजोबांच्या काळात ज्यानं लावलं त्यानं काही वाईट झाड लावलं नाही, फक्त ते खायचं नाही.

प्रश्न: मॅडम, मी कराडला ॲग्रीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. सप्टेंबरमध्ये काश्मीर टूरला गेलो तेव्हा एका काकांच्या बागेत हिरवे अक्रोड सोलले, हात काळेभोर झाले ते साबण, लिंबू, रॉकेल कशानंच निघेनात, कॉलेजला आल्यावर सगळे विचारत होते. हे नक्की काय असतं? आणि अक्रोडाच्या एकूण जाती किती?
– एक विद्यार्थी, कराड

उत्तर: हिरव्या सालीत जे द्रव्य असतं ते हवा लागली की ऑक्सिडाइज होऊन जुगलोन तयार होतं आणि ते कातडीतल्या प्रथिनांना धरून बसतं. म्हणून ते धुऊन निघत नाही, वरची कातडी झडून नवी आली की जातं. काश्मीरमध्ये हंगामात बागेत काम करणाऱ्या सगळ्यांचेच हात असे असतात. याच सालीचा रंग लोकर, लाकूड, केस रंगवायला पूर्वीपासून वापरतात, शाईही करायचे. झाडाची साल दात घासायला काश्मीर-पंजाबकडं बाजारात मिळते, दंदासा म्हणतात, हिरड्या आणि ओठ लालसर होतात.

तू ॲग्रीचा आहेस म्हणून पुढचं सांगते. जुगलोन हे झाडाचं हत्यार आहे. मुळं, पानं, साल यातून जमिनीत उतरतं आणि आसपासच्या काही झाडांची वाढ रोखतं. टोमॅटो, बटाटा, वांगी यांना विशेष त्रास होतो, सफरचंदालाही. अमेरिकेतल्या काळ्या अक्रोडात याचं प्रमाण जास्त असतं, त्याचा भुसा तबेल्यात पसरला तर घोड्यांचे पाय सुजून लंगडे होतात. ॲलेलोपॅथीवर, म्हणजे एक झाड दुसऱ्याची वाढ कसं रोखतं यावर, सेमिनार द्यायचा असेल तर हे उदाहरण घे.

जुगलान्स या प्रजातीत साधारण २१ जाती धरतात. आपण खातो ती जुगलान्स रेजिया, इराणपासून मध्य आशिया आणि हिमालयापर्यंतची. किरगिझस्तानात अर्सलानबोबला याची प्रचंड नैसर्गिक जंगलं आहेत, बघावीत अशी. तिची जवळची बहीण चीनच्या युनान भागात, जुगलान्स सिगिलाटा, कवच जाड आणि खड्ड्याखड्ड्यांचं. उत्तर अमेरिकेच्या पूर्वेकडं काळा अक्रोड, जुगलान्स निग्रा, लाकूड जगात नावाजलेलं, फळाची चव तीव्र पण कवच फोडायला हातोडाच लागतो. तिथलाच बटरनट, जुगलान्स सिनेरिया, ज्याला १९६७ पासून नोंदल्या गेलेल्या एका बुरशीच्या कँकर रोगानं फार मारलंय, हे वाचून मला खरंच वाईट वाटतं, एक सबंध जात हळूहळू जंगलातून चाललीये. जपानी अक्रोडाचा एक प्रकार आहे त्याचा गर पत्त्यातल्या बदामाच्या आकाराचा निघतो. कॅलिफोर्नियाचा जुगलान्स हिंडसी, हा रेजियाशी संकर करून पॅराडॉक्स नावाचा जोमदार खुंट करतात आणि तिथल्या बागा बऱ्याच त्यावर उभ्या आहेत. आणि अँडीज पर्वतात, इक्वेडोर-पेरूकडं उष्ण कटिबंधातला एक अक्रोड आहे, जुगलान्स निओट्रॉपिका. मग तो साताऱ्याला आणू या असं मनात येईल, पण तो उंच डोंगरातला, कवच अतिशय जाड, मुख्यतः लाकडासाठी तोडून तोडून आता धोक्यात आलेला. पेकन वेगळी प्रजाती, पण कुळ एकच.

काश्मीरमध्ये शेतकरी कवचावरून बोलतात, कागझी म्हणजे हातानं फुटणारा, बुर्झील मधला, आणि वंठ म्हणजे कडक. तुला त्या काकांनी कुठला दिला होता?

प्रश्न: दिवाळीला एक किलो अक्रोडगर आणला, थोडा वापरला, बाकीचा बरणीत ठेवला तर होळीपर्यंत खवट झाला, फेकून द्यावा लागला. सासूबाईंना डॉक्टरांनी अक्रोड खायला सांगितलाय, किती द्यायचा? भिजवून की तसाच? आणि मेंदूसारखा दिसतो म्हणून मेंदूला चांगला, असं मुलाच्या शाळेत सांगितलं, ते खरं का?
– एक गृहिणी, विश्रामबाग, सांगली

उत्तर: वहिनी, अक्रोडात शंभर ग्रॅममागं जवळजवळ ६५ ग्रॅम चरबी असते आणि तीही बहुतेक अशी जी हवा, उजेड आणि उष्णतेनं लवकर बिघडते. सांगलीच्या उन्हाळ्यात ओट्यावरच्या काचेच्या बरणीत गर टिकणारच नाही. गर आणला की हवाबंद डब्यात फ्रीजमध्ये ठेवा, सहा महिने चांगला राहतो, फ्रीझरला वर्षभर. जास्त टिकवायचा असेल तर कवचासकट घ्या. घेताना दुकानदाराला एक फोडून दाखवायला सांगा, गर फिकट सोनेरी, कुरकुरीत हवा. पातळ सालीचा थोडा तुरटपणा असतोच, पण जुन्या तेलासारखा किंवा ऑइलपेंटसारखा वास आला तर घेऊ नका. बुरशी दिसली तर तेवढा भाग काढून बाकीचा खायचा नाही, सगळाच टाका. काश्मीरचा नवा माल सप्टेंबरला झाडावरून उतरतो, त्यामुळं दिवाळीला नवाच माल आहे का ते विचारा, नाहीतर मागच्या वर्षीचा गळ्यात मारतात. चिलीचा अक्रोड हल्ली भरपूर येतो, त्यांचा हंगाम मार्च-एप्रिल, म्हणून आपल्या पावसाळ्यात तो ताजा मिळतो.

प्रमाण म्हणाल तर रोज ३० ग्रॅम, म्हणजे साधारण सात अक्रोडांचा गर, त्याच्या पुढं नको, त्यात जवळपास १९०-२०० कॅलरी असतात. सासूबाईंना चार-पाचनं सुरुवात करा आणि ते बिस्कीट-फरसाणाच्या जागी द्या, वरून नाही. चावत नसेल तर भिजवा, नाहीतर भिजवलंच पाहिजे असं काही नाही. स्पेनमध्ये सात हजारांवर लोकांवर मोठा अभ्यास झाला होता, त्यात भाज्या, कडधान्य, ऑलिव्ह तेल अशा आहाराबरोबर एका गटाला रोज ३० ग्रॅम सुकामेवा दिला, त्यातला निम्मा अक्रोड, आणि हृदयविकार-पक्षाघाताचं प्रमाण कमी झालं. सगळा आहार तसा होता हे लक्षात ठेवा. मेंदूच्या आकाराचा आणि उपयोगाचा काही संबंध नाही, मुलाला तसं सांगा, आकारावरून गुण ठरवायची सवय वरच्या पाचगणीच्या प्रश्नात केवढ्याला पडली ते बघितलंत ना.

आणि एक मनापासून सांगते, अक्रोड ज्या ओमेगा-३ साठी खातात ते आपल्या जवसात त्याच्या दुप्पट-अडीचपट असतं, आणि जवस कितीतरी स्वस्त. आपल्या भागात जवसाची चटणी पिढ्यान् पिढ्या भाकरीबरोबर खातायत. परवडत असेल तर अक्रोड जरूर खा, फार चांगला आहे, पण परवडत नाही म्हणून कुणी मन खाऊ नये, रोज दोन चमचे जवसाची चटणी खावी. लाडू करायचे असतील तर तासगावचा बेदाणा, अक्रोड आणि थोडं भाजलेलं जवस, साखर लागतच नाही.

ज्यांना सुकामेव्याची ॲलर्जी आहे, घशाला खाज, ओठ सुजणं असं काही होतं, त्यांनी मात्र अक्रोड चाखूनसुद्धा बघू नये.

प्रश्न: आम्ही एका दुकानातून वॉलनटचा बेड घेतला, भरपूर पैसे दिले. आता सुताराच्या मते हे वॉलनटच नाही. कसं कळणार?
– एक वाचक, सांगली

उत्तर: दुकानात वॉलनट हा शब्द बहुतेक वेळा रंगासाठी वापरतात. वॉलनट सनमायका, वॉलनट पॉलिश, वॉलनट फिनिश, हे सगळं प्लायवर, आंब्याच्या लाकडावर, सागावर करता येतं. पॅनेलची कड आणि डोक्याकडचा कापलेला भाग बघा, वरचे रेषे कडेवर वळून पुढे जात असतील तर सॉलिड, कडेला पट्टी चिकटवलेली असेल तर व्हिनियर (खऱ्या लाकडाचा पातळ पापुद्रा) किंवा सनमायका. खऱ्या व्हिनियरला वॉलनट म्हणणं चूक नाही, पण मग किंमत सॉलिडची नको. खरं गाभ्याचं लाकूड चॉकलेटी, कधी जांभळट झाक असलेलं, बाहेरचं फिकट, आणि वर्षानुवर्षं उन्हाजवळ राहिलं की गडद न होता उजळतं. ईस्ट इंडियन वॉलनट असं लिहिलं असेल तर तो आपला शिरीष, लाकूड चांगलं आहे पण अक्रोड नव्हे. बिलावर नुसतं वॉलनट लिहू देऊ नका, सॉलिड वुड की व्हिनियर की फिनिश हे लिहून घ्या. काश्मिरी कोरीवकामालाही जीआय मानांकन आहे, आणि तिथं अक्रोड तोडायला सरकारी परवानगी लागते, त्यामुळं खरा माल स्वस्तात मिळणं अवघडच. मुळाकडचं लाकूड सगळ्यात काळं आणि देखणं.

प्रश्न: फौजेत असताना ऐकलं होतं की जुन्या रायफलींचे बट अक्रोडाचे असायचे. सागाचे का नाही?
– एक माजी सैनिक, अपशिंगे मिलिटरी

उत्तर: नमस्कार साहेब, बरोबर ऐकलंत, युरोप-अमेरिकेत बंदुकांसाठी अक्रोडालाच पहिली पसंती होती. लाकूड मध्यम वजनाचं, गोळी सुटतानाचा झटका सोसून न तडकणारं, स्क्रूजवळ फाटत नाही, आणि नीट वाळवलं की ऊन-पावसात फारसं वाकत नाही. बटाचं माप थोडं जरी हललं तरी नेम बदलतो हे तुम्हाला मी सांगायला नको. हाताला पकड यावी म्हणून बारीक जाळी कोरतात तीही त्यात स्वच्छ उठते. साग टिकाऊ आहे पण कोरताना ठिसूळ. तुमच्या गावातून पहिल्या महायुद्धाला गेलेल्या जवानांच्या हातात असलेच बट असणार. महायुद्धांमध्ये मागणी इतकी वाढली की युरोपातले जुने अक्रोड मोठ्या प्रमाणावर तोडले गेले, बीचसारखी दुसरी लाकडंही वापरावी लागली.

प्रश्न: आमच्याकडे पिढीजात तंबोरे-सतारींचं काम आहे. अक्रोड वापरून बघावा का?
– एक कारागीर, मिरज

उत्तर: काश्मीरमध्ये संतूरची पेटी अक्रोडाची करतात, तुतीचीही करतात. म्हणजे आवाजाला लाकूड चांगलं आहे. पण तुमची सगळी मापं, तबलीची जाडी, दांडीचं वजन हे तूनच्या लाकडावर बसलेलं आहे, आणि अक्रोड त्याहून जड आणि घट्ट. अख्खा तंबोरा नको. खुंट्या, पट्ट्या, नक्षी यासाठी वापरा, कोरायला तुमच्या हाताला आवडेल. मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला आता स्वतःचं जीआय मानांकन आहे, ती घडण बदलू नये असं मला वाटतं.

प्रश्न: अक्रोडाची टरफलं टाकून देववत नाहीत. खतात चालतील का? चेहऱ्याला स्क्रब म्हणून?
– एक वाचक, विटा

उत्तर: चेहऱ्याला नको, दळलेल्या टरफलाला धारदार कडा राहतात, कातडीवर बारीक ओरखडे पडतात. टाचा घासायला हवं तर वापरा. खतात लवकर कुजत नाहीत, वर्षानुवर्षं तशीच निघतात, त्यापेक्षा कुंडीत मातीवर पसरा, ओल टिकते. हिरवी साल मात्र कुंडीत टाकू नका, टोमॅटो-मिरचीची वाढ खुंटेल. कारखान्यांमध्ये टरफलाचा भुगा धातू साफ करायला मारतात, धातूवर चरे न पाडता गंज-काजळी निघते, आणि दागिने पॉलिश करायच्या ड्रममध्येही तो घालतात. तुमच्या विट्याची माणसं देशभर सोन्या-चांदीच्या धंद्यात आहेत, घरात कुणी असेल तर विचारून बघा, कदाचित त्यांच्याकडं पोतंच असेल. आणि घरात पाण्याचा बंब असला तर सरळ त्यात टाका, फार चांगली आणि बराच वेळ जळतात.